अकराव्या पानावरची खूण

चंद्रावतीने सीताबाईच्या हातातून दोन्ही पुस्तकं घेतली, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि पायरीवर उभ्या उभ्याच वरच्या पुस्तकाचं अकरावं पान काढलं. समासात खुणांची गर्दी होती. त्रिकोण, चांदणी, एक ‘वै’, एक फुली, कुणीतरी काढलेलं मांजर. हवी ती खूण नव्हती. दुसऱ्या पुस्तकातही नव्हती.

“पूजाने वाचली ना ही?” तिने विचारलं.

“वाचली म्हंजे? दोन दिवसांत फडशा. कामाला हात लावील तर शपथ.” सीताबाई दाराच्या चौकटीत उभी होती. एक हात कमरेवर, एक कडीवर.

“मग खूण का नाय केली हिने? गेल्या मंगळवारीही नव्हती. त्याच्या आदल्या मंगळवारीही नव्हती.”

“कसली खूण?”

कुणी काही विचारलं की बैजवार सांगत बसायची खोड चंद्रावतीला जन्मापासून होती. तिने पिशवी पायरीवर टेकवली, आतून एक जुनं पुस्तक काढलं, अकरावं पान उघडून सीताबाईच्या पुढे धरलं आणि बोट ठेवून दाखवलं. समासाच्या खालच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने एक इवलीशी रास काढलेली होती, वर निमुळती, खाली पसरट, आणि टोकावर एक टिंब.

“ही तुझ्या सुनेची. मिठाची रास. वाचून झालं की प्रत्येकीने अकराव्या पानावर आपली खूण करायची, म्हणजे तेच पुस्तक परत घरी जात नाय. आमच्या यजमानांच्या वेळेपासूनचा नेम आहे. आणि तुझी पूजा तर कधीच विसरायची नाय.”

सीताबाईने पुस्तक हातात घेतलं. बराच वेळ ती त्या राशीकडे बघत राहिली, अंगठ्याने एकदा हलकेच पुसूनही पाहिली.

“अस्सं,” ती म्हणाली. “हल्ली आळस भरलाय तिला. सांगते.”

“बाहेर तरी येऊ दे जरा. तीन आठवडे झाले, तोंड दिसलं नाय तिचं.”

“पाठ धरलीय. डॉक्टरांनी पडून रहायला सांगितलंय.”

चंद्रावतीने नवी दोन पुस्तकं दिली. निघताना तिची नजर खाली गेली. दाराशेजारी पूजाच्या अंगठ्याच्या निळ्या चपला होत्या, नेहमीच्या जागी, भिंतीला टाचा लावून. म्हणजे पोरगी घरातच होती. चंद्रावतीला तेवढ्यानेच बरं वाटलं.

*

रोह्यात दारपोच वाचनालय चालवणारी चंद्रावती आता एकटीच उरली होती. हातात फोन आले आणि वाचनालयाला उतरती कळा लागली. यजमान गेले तेव्हा कपाटं रद्दीवाल्याला द्यायची हेही जवळजवळ ठरलं होतं. तरी तीस-पस्तीस घरं टिकली, आणि ती का टिकली हे चंद्रावतीला हळूहळू उमगलं. त्यात बहुतेक सुना होत्या. फोन नवरा तपासतो, सासू तपासते, धाकटा दीरसुद्धा हात घालून बघतो. पुस्तकाला कोण विचारतो? त्यातून त्याला खाकी कव्हर असेल तर ते शाळेचंच वाटतं.

त्या कव्हरांच्या आत असायचं आंबेतळं. आंबेतळं हे गाव नकाशात नाही. ते एका मालिकेतलं गाव, आणि त्या मालिकेची बेचाळीस बारकी पुस्तकं चंद्रावतीच्या कपाटात होती. प्रत्येक पुस्तक शहाण्णव पानांचं. दर भागात एसटीतून एक बाई उतरते. शहरात तिचं काहीतरी बिनसलेलं असतं. गावात एक पुरुष असतो, तो सुतार असतो नाहीतर गुरांचा डॉक्टर, स्वभावाने तुसडा आणि हाताने दणकट. सत्तराव्या पानावर गैरसमज होतो, नव्वदाव्या पानावर वादळ येतं, शहाण्णवाव्या पानावर अक्षता पडतात. मागच्या भागातली जोडपी पुढच्या भागात पाहुणी म्हणून येतात, तोवर त्यांना मूल झालेलं असतं. गावात बेकरीवाली काशी आहे, पोस्टमन तात्या आहेत. गटार तुंबत नाही, दारू कुणी पीत नाही, आणि सासवा एकतर प्रेमळ असतात किंवा फोटोत असतात.

चंद्रावतीला ही पुस्तकं वाचवत नसत. तिने जाडजूड कादंबऱ्या वाचलेल्या होत्या, ज्यांत शेवटी कुणी ना कुणी मरतं. पण त्या कपाटात धूळ खात पडायच्या आणि आंबेतळं घरोघर हिंडायचं. नावंही सगळी एका मुशीतली: ‘आंबेतळ्याची पहाट’, ‘आंबेतळ्याची संध्याकाळ’, ‘आंबेतळ्याची सावली’. त्यामुळे खूण नसेल तर बाई चाळीसाव्या पानावर पोचायची आणि तिथे तिला आठवायचं की अरे, ह्या सुताराशी आपलं लग्न लागून गेलंय.

पूजा दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तीच मुळी वाचायची भूक घेऊन. माहेर पेणला, रामवाडीत. वडील खाडीकडे मिठागरात कामाला होते, ते गेले. आई गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायच्या कामाला जायची. “बाबांची रास,” असं म्हणून पूजाने पहिल्याच दिवशी ती खूण काढली होती. दर मंगळवारी ती पायरीवर बसून पिशवीतली सगळी पुस्तकं उपसायची, एकेकाचं अकरावं पान तपासायची. वाचलेलं हाती आलं की म्हणायची, “काकू, फसवता काय? ही माझी रास बघा. उचला हे.”

एकदा चंद्रावतीने तिला छेडलं होतं.

“अगो, काय मिळतं तुला ह्यात? तोच तो सुतार आणि तोच तो रंधा.”

पूजा हसली. मग मागे वळून घरात बघून घेतलं, आणि आवाज उतरवून म्हणाली, “हिरो गेला उडत, काकू. मला ते गाव आवडतं. ती बेकरीवाली काशी हाय ना, तिने एक दिवस दुकान उघडलं नाय. ताप आलावता. तर दुपारपर्यंत चार मानसं तिच्या दारात. कुनी बोलावली नव्हती. नुसतं दिसली नाय म्हणून आली.” तिने बोटं वर करून दाखवली. “चार मानसं, काकू.”

हात वर केला तेव्हा बांगड्या खाली घसरल्या आणि कोपराशी एक काळानिळा डाग दिसला.

“हे काय गो?”

“नळावर आपटला.”

नळ त्या घराच्या मागे होता, गुडघ्याएवढ्या उंचीवर. चंद्रावतीने तो पाहिलेला होता. गुडघ्याएवढ्या नळावर कोपर कसं आपटतं, हा विचार तिच्या मनात आला, कोपऱ्यापर्यंत तिच्याबरोबर चालला, आणि मग पुढचं घर आलं.

*

पुढच्या मंगळवारी सीताबाईने पुस्तकं दिली ती स्वतःच अकरावं पान उघडून.

“केली बघा खूण. ओरडले मी.”

दोन्ही पुस्तकांत मिठाची रास होती, वर निमुळती, खाली पसरट, टोकावर टिंब. चंद्रावतीच्या जिवातला घोर एकदम उतरला. आपण उगाच पराचा कावळा करत होतो, असं ती स्वतःशीच म्हणाली. तिने पिशवीतून वालाच्या शेंगांची पुडी काढून दिली. “पूजाला आवडतात,” ती म्हणाली. “म्हणावं पाठ बरी झाली की पोपटी लावू, मडक्यात शेंगा भाजू.”

त्याच्या पुढच्या मंगळवारीही रास होती, आणि त्याच्या पुढच्याही. आता पूजा पुस्तकं निवडायला बाहेर येत नसल्याने तिच्या वतीने अकरावं पान चंद्रावतीच तपासायची आणि न वाचलेली दोन काढून द्यायची. त्या तिसऱ्या मंगळवारी मात्र घोटाळा झाला. शेजारची वैशाली पिशवी अडवून उभी होती, तिला तिची पुस्तकं काढून देता देता सीताबाईचीही दोन हाताला लागली तशी देऊन टाकली. पान बघायचं राहून गेलं.

सीताबाईचा मुलगा निलेश त्याच वेळी मोटारसायकल काढत होता. कंपनीत दुपारची शिफ्ट होती. त्याने हेल्मेट हातावर अडकवलं आणि चंद्रावतीकडे बघून हसला. दात पांढरेशुभ्र होते, दाढी ताजी केलेली.

“काकू, तिला वाचायला देत जा हां,” तो म्हणाला. “वाचत असली ना, की घरात शांती असते.”

त्याच्या हसण्यात वावगं काही नव्हतं. तरी घरी येईपर्यंत चंद्रावतीच्या मनात शंकेची पाल चुकचुकत राहिली.

*

आठवड्याने पुस्तकं परत आली.

“ते खाकी हाय ना, वरचं,” सीताबाई म्हणाली. सगळीच खाकी होती. “लय आवडलं तिला. म्हणाली, असलं कधी वाचलंच नाय. असली आणखी आना.”

चंद्रावती घरी आली. चहा टाकला. खिडकीशी बसून परत आलेली पुस्तकं एकेक करून फडक्याने पुसायची तिची रीत होती. ‘आंबेतळ्याची सावली’ हातात आलं. सगळ्यांत फिरलेलं पुस्तक ते, त्याच्या अकराव्या पानावर बोट ठेवायला जागा नव्हती. डाव्या समासात वरच्या बाजूला, मांजराच्या शेजारी, पूजाची रास होती. शिसपेन्सिलीची, काळीभोर, ताजी.

आणि खाली, पानाच्या पार तळाशी, त्रिकोण आणि फुली यांच्यामध्ये चेंगरून, आणखी एक रास होती. फिकट झालेली. दीड वर्षापूर्वीची.

चहा उतू गेला. त्याचा चर्र आवाज झाला तरी चंद्रावती उठली नाही.

एकाच पानावर एकाच बाईच्या दोन खुणा, असं त्या वाचनालयात कधी झालेलं नव्हतं. होणारच कसं? खूण असते तीच मुळी त्यासाठी. आणि पूजा? पूजाने तर पुस्तक हातात येताक्षणी उलटं धाडलं असतं, काकू फसवता काय म्हणून. तिने पहिल्या पानावर ओळखलं असतं. ह्याच पुस्तकात बेकरीवाली काशी आजारी पडते.

तिने उठून गॅस बंद केला. मग गेल्या तीन आठवड्यांतली पुस्तकं कपाटातून काढली, जुनीही काढली आणि खिडकीत ओळीने मांडली. आता बघायचं म्हटल्यावर सगळं दिसायला लागलं. पूजाच्या राशी कधी वाकड्या, कधी बुटक्या असायच्या, घाईत काढलेल्या. हल्लीच्या सगळ्या सारख्या होत्या. समोर नमुना ठेवून शाळेतलं पोर काढतं तशा. आणि नमुना होताच. तो आपणच पायरीवर उभं राहून, बोट ठेवून दाखवला होता. चोराच्या हाती आपण होऊन किल्ल्या दिल्या होत्या.

पोलिसांत जावं तर काय सांगावं? की साहेब, मिठाच्या राशी दोन झाल्या?

*

वैशालीचं आणि सीताबाईचं घर एका भिंतीचं. चंद्रावती गेली तेव्हा वैशाली पोळ्या लाटत होती आणि तिची सासू मैनाबाई काठी बाजूला ठेवून सुपात वाल निवडत होती.

“पूजाला तू शेवटची कधी पाहिलीस?” चंद्रावतीने सरळच विचारलं.

वैशालीचं लाटणं थांबलं. तिने सासूकडे पाहिलं. मैनाबाईने मान वर केली नाही.

“पाडव्याला,” वैशाली म्हणाली. “दिवाळीच्या. त्या दिवशी आवाज झाला. पडल्यासारखा. मागच्या खोलीत. मग नंतर काय नाय.”

“काय नाय म्हणजे?”

“म्हंजे काहीच नाय, काकू. भांडी घासताना गायची ना ती. ते नाय. खोकला नाय. काहीच नाय. नुसती सासू बोलते, आणि टीव्ही.”

“आणि तू हे आज सांगतेस? दीड महिन्याने?”

वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज चढला. “मग तुम्ही जात होता ना दर मंगळवारी! मी खिडकीतून बघायची. दोन पुस्तकं जातात, दोन येतात. मी म्हटलं, वाचनारी हाय म्हंजे बरी हाय. मी ह्यांनाही तसंच बोलले.”

चंद्रावती पाटावर बसली. तवा रिकामाच तापत होता.

“आख्ख्या आळीला ठावं हाय,” मैनाबाई सुपाकडे बघतच म्हणाली. “कुनी बोलत नाय.”

आंबेतळ्यात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, म्हणून तर ते गाव बायकांना आवडायचं. रोह्यातही सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. चंद्रावतीला त्या क्षणी त्या दोन्ही गावांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पेणला जायला तिने दिवा स्टेशनची गाडी पकडली. निडी गेलं, नागोठणं गेलं. पिशवीत एकच पुस्तक होतं. पूजाची आई वेगळंच काही सांगेल, अशी एक वेडी आशा तिच्या मनात होती. ‘माझ्याकडेच आहे ती, या ना, आत झोपलीय,’ असं म्हणेल. पेणला उतरून, रिक्षा करून, विचारत विचारत ती रामवाडीतल्या त्या कारखान्यात पोचली तोवर तिने त्या आशेला पुरतं गोंजारून घेतलं होतं.

पत्र्याच्या शेडमध्ये अजून रंग न लागलेल्या मूर्ती रांगेने उभ्या होत्या, पांढऱ्याफटक, डोळ्यांच्या जागी नुसते उंचवटे. त्यांच्या मधून एक किडकिडीत बाई उठून आली. केसांवर, भुवयांवर, हातांवर पांढरी भुकटी. हातात घासायचा कागद तसाच होता. ही सरू, पूजाची आई.

“वाचनालयवाल्या बाय ना तुमी?” नाव सांगताच तिचा चेहरा उजळला. “पूजा लय सांगायची तुमचं. कशी हाय माझी बाय?”

म्हणजे ती इथे नव्हती.

“तुमचं बोलणं कधी झालं तिच्याशी?”

“फोन पान्यात पडला ना तिचा, तवापासून नाय. पन मी गेलेली. पंधरा दिस झाले. मन राहवंना म्हणून गेलेली रोह्याला.” सरू सांगू लागली. “ती घरात नव्हती. जावई डाक्टरकडं घेऊन गेलेले. सासूबायने चा केला. मी म्हटलं, थांबते. तर म्हणाली, उशीर होईल, गाडी चुकंल तुमची. मी नाय नाय म्हणत होते. मग तिने पुस्तक आणून दाखवलं.”

“कुठलं पुस्तक?”

“तुमचंच. खाकी. म्हणाली, हे बघा, सकाळीच वाचून ठेवलं तुमच्या लेकीने, खूण बघा. मला वाचाया येत नाय गो. पन रास वलखली मी. तिच्या बाबांची रास.” सरूने पांढऱ्या बोटाने हवेत काढून दाखवली, वर निमुळती, खाली पसरट, आणि वर टिंब. “मनात म्हटलं, हात चालतो हाय लेकीचा. मग आले परत. ती रास बघितली नसती तर नसते आले. दारात बसून राह्यले असते.”

चंद्रावतीने बरंच काही ठरवून आणलं होतं. हळूहळू सांगायचं, आधी बसवायचं, पाणी द्यायचं. त्यातलं काहीच तिला जमलं नाही.

“सरूबाई,” ती म्हणाली, “ती रास पूजाने काढलेली नव्हती. ती तिच्या सासूने काढली. मी दाखवली तिला, कशी काढायची ते.”

तिने पिशवीतलं पुस्तक काढलं, अकरावं पान उघडलं आणि दोन्ही राशी दाखवल्या. आधी खालची, मग वरची. सरू दोन्हींकडे बघत राहिली. मग तिने खालच्या, फिकट राशीवर बोट ठेवलं. तिच्या बोटाची पांढरी भुकटी पानावर उमटली.

“ही तिची,” ती म्हणाली.

“हो.”

सरूने हातातला कागद घडी करून मूर्तीच्या पायाशी ठेवला. हात झटकले नाहीत, तोंड धुतलं नाही.

“चला,” ती म्हणाली.

*

परतीच्या गाडीत सरू पांढरे हात मांडीवर ठेवून दाराजवळ बसली. चंद्रावतीने दोनदा माफी मागायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं. माफी मागून आपल्याला हलकं वाटलं असतं, तिला काय? खिडकीबाहेर शेतांत वाल हिरवागार उभा होता, आणि ऊन चांगलं चढलं होतं.

आळीत शिरल्यावर चंद्रावती आधी वैशालीच्या दारात थांबली. तिने काही बोलायच्या आत वैशालीने सरूकडे पाहिलं, तिच्या पांढऱ्या भुवयांकडे पाहिलं, आत जाऊन गॅस बंद केला आणि फोन मुठीत धरून पायांत चपला सरकवल्या. मागून काठीचा ठक ठक आवाज आला.

“आई, तुम्ही कुठे?” वैशाली म्हणाली.

“मी पन येते,” मैनाबाई म्हणाली.

तिला कुणी बोलावलं नव्हतं.

सीताबाईच्या घराचं दार बंद होतं. आत टीव्ही लागलेला होता. चंद्रावतीने कडी वाजवली. टीव्हीचा आवाज बारीक झाला. दुसऱ्यांदा वाजवली. बऱ्याच वेळाने दार हातभर उघडलं.

“आज मंगळवार नाय,” सीताबाई म्हणाली. मग तिला मागच्या तिघी दिसल्या. सरूवर तिची नजर थांबली आणि पुन्हा चंद्रावतीकडे आली.

“पुस्तकं नाय आणली,” चंद्रावती म्हणाली. “पूजाला बघायला आलोय.”

“झोपलीय ती.”

“उठेपर्यंत बसतो.”

“औषध दिलंय. आज नाय उठायची. उद्या या. निलेश असंल घरी, त्यालाच विचारा काय ते.”

तिने दार लोटलं. ते मिटलं नाही. मैनाबाईने काठीचं टोक उंबऱ्यावर आडवं घातलं होतं आणि स्वतः भिंतीला टेकून, धाप लागल्यासारखी, दुसरीकडे कुठेतरी बघत होती. वैशालीच्या अंगठ्याखाली फोनवर नंबर तयार होता. आजूबाजूच्या दोन घरांच्या खिडक्या उघडल्या, पण कुणी विचारलं नाही काय झालं म्हणून.

चंद्रावती कान देऊन ऐकत होती. मागच्या खोलीकडून काही हालचाल, एखादं भांडं, खोकला. तिकडून नुसता पंख्याचा आवाज येत होता.

“पूजा,” तिने हाक मारली. “पूजा गो.”

सीताबाईचा कडीवरचा हात पांढरा पडला.

सरूने हाक मारली नाही. ती खाली वाकली होती. भिंतीला टाचा लावून ठेवलेल्या त्या निळ्या चपला, ज्या दर मंगळवारी बघून चंद्रावतीला बरं वाटायचं, त्या तिने उचलल्या. त्यांवर धूळ होती, दीड महिन्याची, आणि एका अंगठ्यात कोळ्याने घर केलेलं होतं. सरूने बोटाने ते जाळं काढलं. पदराने एक चप्पल पुसली, वरून, खालून, पट्ट्याच्या आतून. मग दुसरी पुसली.

“उठवा तिला,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

आणि तिने त्या दोन्ही चपला उंबऱ्याबाहेर, पायरीवर ठेवल्या, शेजारी शेजारी, तोंड रस्त्याकडे करून.